दवाखान्यांतील डबा

एका परिचित भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांची कन्या यंदा डॉक्टरीची परीक्षा उत्तीर्ण होऊन एका मोठ्या रुग्णालयांत वर्षभराच्या उमेदवारीवर, म्हणजे इंटर्न म्हणून, रुजू झाली. वरिष्ठ मंडळी पहिल्या विद्यावेतनाची मेजवानी मागतात, परिचारिका आपल्या डब्यांतलें पुढें करतात, आणि मुलगी गोंधळून एकटीच कोपऱ्यांत जेवते. तिनें कोणाचें घ्यावें आणि कोणास द्यावें, असें त्या विचारतात. प्रश्न दिसावयास लहान आहे. पण ज्या घरांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारीं एका पंगतीस बसतात, त्या घरांतल्या मुलीस बाहेरच्या पंगतीचे रिवाज ठाऊक नसावेत यांत नवल नाहीं.

वैद्यकीचें शिक्षण आणि अन्नाची अडचण यांची जोडी आपल्याकडे जुनीच आहे. आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूर येथें जाहीर भाषण करून, आपण हिंदु म्हणूनच जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें सांगितलें. फिलाडेल्फियांत १८८६ सालीं पदवी मिळाली तोंपर्यंत त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. त्यांच्या निधनास तीन वर्षें होतात न होतात तोंच, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता पेल्यास हात लावला. हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणें वैभवां'त छापविलीं तीं आनंदीबाईंच्याच यजमानांनीं, गोपाळराव जोशी यांनीं! न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर त्यामुळें ग्रामण्य उभें राहिलें आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलें. त्याच रानड्यांच्या पत्नी रमाबाई पुढें १९०९ सालीं निघालेल्या पुणें सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या, आणि सेवासदनानें आपल्या समाजांतल्या बायकांना परिचारिकेचें काम शिकण्यास ससून रुग्णालयांत धाडलें. एका पेल्याभर चहापासून रुग्णाच्या उशापर्यंतचें हें अंतर एकाच घरानें तोडलें, हें मला फार विलक्षण वाटतें.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतें. माझी पुतणी उमेदवारीच्या काळांत कांहीं आठवडे भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागांतील एका आरोग्य केंद्रांत होती. राजगडाच्या पायथ्याशीं पाली नांवाचें गांव आहे. गडाच्या पाली दरवाजास नांव मिळालें तें त्या गांवावरून. केंद्रांत झाडलोट व वरकाम करणारी मावशी त्या पालीहून येई. पहिल्याच दुपारीं सारीं माणसें गोल करून बसलीं आणि मावशीनें नाचणीची भाकरी व सुकटीची चटणी नव्या डॉक्टरीणबाईपुढें सरकविली. आमची मुलगी म्हणाली, "नको, मी असलें खात नाहीं." आणि डबा उचलून आंतल्या खोलींत गेली. तिच्या मनांत कांहीं वावगें नव्हतें. पण 'सुकट खात नाहीं' म्हणणें निराळें आणि 'असलें' म्हणणें निराळें. 'असलें' या शब्दांत चटणीबरोबर भाकरी आली, भाकरी थापणारे हातही आले. त्या दिवसापासून तिला कोणी कांहीं देऊं केलें नाहीं, आणि कामापुरतें सोडून कोणी बोललेंही नाहीं.

पुढें पावसाळ्यांत एका पहाटे जमिनीवर निजलेल्या एका गड्यास साप चावला म्हणून आणलें. दंशाच्या जागीं सूज नव्हती, दुखतही फारसें नव्हतें. त्यामुळें पुतणी थोडी निर्धास्त होऊन कागद लिहावयास बसली. मण्यारीच्या दंशाची हीच फसवणूक असते. जागा सुजत नाहीं, पण विष मज्जातंतूंवर चढतें, पापण्या जड होऊन मिटूं लागतात आणि मग श्वास अडतो. पापण्या मिटतांना पाहिल्या त्या मावशीनें. तिनें तें डॉक्टरीणबाईस सांगितलें नाहीं. बाहेर गेलेल्या सिस्टर परत येईपर्यंत ती थांबली आणि त्यांच्या कानांत सांगितलें. त्यांत पंधरा मिनिटें गेलीं. सर्पविषावरील लस टोंचून गड्यास १०८ च्या रुग्णवाहिकेंतून पुण्यास धाडलें व तो वांचला, ही देवाची कृपा. "मला कां नाहीं सांगितलंत?" असें पुतणीनें विचारलें तेव्हां मावशी म्हणाली, "तुम्ही आमच्याशीं बोलत नाय ना, बाई."

घरीं फोनवर हें सांगतांना मुलगी रडली. तिच्या आजीनें एवढेंच विचारलें, "भाकरी तरी घ्यायचीस ना ग?" दुसऱ्या दिवशीं ती आपला डबा घेऊन गोलांत बसली, डबा मध्यें ठेवला आणि म्हणाली, "मावशी, सुकट मी खात नाहीं, पण तुमची भाकरी मला हवी."

पत्र धाडणाऱ्या भगिनींच्या कन्येनेंही असेंच करावें. जें चालत नाहीं त्याचें नांव घेऊन नको म्हणावें, आणि चालतें तें मागून घ्यावें. सोंवळें असलें तरी कोपरा धरण्याचें कारण नाहीं. नुसतें शेजारीं बसल्यानें व्रत मोडत नाहीं. आपला डबा उघडतांना आधीं आया-वॉर्डबॉयपुढें धरावा, मग बरोबरीच्यांपुढें. वरिष्ठांस कोणीतरी विचारतेंच.

मेजवानीविषयीं मात्र माझें मत कठोर आहे. आपल्या घरांत पहिल्या पगाराचे पेढे धाकटा वाटतो हें खरें, पण ते तो आपखुषीनें वाटतो. तीस-तीस तास जागणाऱ्या मुलीकडून वरिष्ठांनीं साऱ्या पथकाचें हॉटेलांतलें जेवण वसूल करावें, ही रीत नव्हे, खंडणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत बळजबरीनें खर्च लादणें हा रॅगिंगचाच प्रकार गणला आहे; महाराष्ट्रांत रॅगिंगविरुद्ध कायदा त्याही आधीं, १९९९ सालीं झाला. मुलीनें घरचे लाडू न्यावेत आणि हंसून तेवढ्यावर थांबावें. चहाचे पैसे मोठ्यानें द्यावयाचे असतात, हें वरिष्ठांच्या घरीं कोणी शिकविलें नसेल तर त्यांस इलाज नाहीं. रुग्णासाठीं आलेलें दूध-पाव कितीही उरलें तरी त्यास हात लावूं नये. औषध कंपनीच्या माणसानें आणलेल्या जेवणापासूनही दूर राहावें. त्याचें बिल अखेर रुग्णाच्या चिठ्ठींत चढतें.

आमच्या पुतणीची पालीकडची मुदत केव्हांच संपली. दिवाळींत ती फराळ घेऊन तिकडे जाऊन आली. येतांना मावशीनें तिच्या पिशवींत नाचणीचें पीठ आणि घरचे तांदूळ घातले, आणि बजावलें कीं, पुढच्या खेपेस चकल्या जास्त आणा, करंज्या कोणी खाल्ल्या नाहींत.