बिनकाट्याचा गळ

'गळाला लागणे' हा वाक्प्रचार मराठीत फसलेल्या माणसाविषयी वापरला जातो. एकदा लागला की सुटका नाही, हे त्यात गृहीतच असते. सुटका होऊ न देण्याची ही व्यवस्था गळाच्या टोकापासून किंचित मागे असते. तेथे पोलादाची तार छिलून एक बारीक काटा उलट दिशेला काढलेला असतो. गळ माशाच्या ओठात शिरताना हा काटा आड येत नाही. बाहेर निघू लागला की मात्र तो मांसात अडकतो. कोकणात खाडीच्या काठी गरी टाकून बसणाऱ्याला हा काटा हवाच असतो. मासा निसटला तर त्याच्या घरचे त्या दिवसाचे कालवण जाते. त्याच्याशी येथे वाद नाही.

वाद आहे तो पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देणाऱ्या छंदिष्टांशी. मासा सोडायचाच आहे, तर तो सुटू नये म्हणून केलेला काटा गळाला कशासाठी?

या छंदाचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध लक्ष्य म्हणजे महसीर. खडकाळ, वाहत्या नद्यांत राहणारा, मोठ्या खवल्यांचा आणि विलक्षण ताकदीचा हा मासा इंग्रज अधिकाऱ्यांना वेड लावून गेला. एच. एस. थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 मध्ये निघाले, तेव्हापासून महसीरची कीर्ती विलायतेपर्यंत पोहोचली. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी 1946 मध्ये काबिनी नदीत पकडलेला महसीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता. त्या काळी असा मासा मारून त्याचे छायाचित्र काढणे हीच प्रतिष्ठा होती. पुढे मासे कमी झाले आणि रीत बदलली. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमकळी येथे शिबिरे उभी राहिली. नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावायचा, मासा दमवून काठावर आणायचा, वजन करायचे आणि सोडून द्यायचे, असा तेथील क्रम होता. अभयारण्यातील ही मासेमारी 2012 च्या सुमारास बंद झाली. पण पकडून सोडण्याची रीत देशात इतरत्र चालू आहे.

सोडलेला मासा जगतो, या विश्वासावर ही सारी रीत उभी आहे. मासा पाण्यात दिसेनासा झाला की माणसाचे समाधान होते. परंतु त्याआधीची काही मिनिटे माशाच्या दृष्टीने फार महत्त्वाची असतात. झुंजीत तो थकलेला असतो. पाण्याबाहेर त्याच्या कल्ल्यांना प्राणवायू मिळत नाही. उन्हाळ्यात तर नदीच्या कोमट पाण्यातही प्राणवायू कमीच असतो. अशा वेळी उलटा काटा अडकला की गळ पिळावा, ओढावा लागतो. ओठ फाटतो, अंगावरचा बुळबुळीत थर हातांना लागून निघून जातो आणि वेळ वाढत जातो. काटा नसेल तर गळ ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने सरळ बाहेर येतो. पुष्कळदा मासा पाण्याबाहेर काढावाही लागत नाही.

काट्यामुळे नेमके किती मासे मरतात, याविषयी संशोधकांत एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. काही अभ्यासांत मोठा फरक आढळला, तर काहींत नगण्य. गळ ओठात लागला की घशात, यावर माशाचे जगणे अधिक अवलंबून असते. घशात रुतलेला गळ बिनकाट्याचा असला तरी तो घातकच. म्हणून काटा काढला की कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये. मात्र गळ लवकर निघतो आणि जखम लहान राहते, एवढा लाभ उघड आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने नद्यांवर बिनकाट्याचा गळ कायद्यानेच सक्तीचा केला आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की काटा नसला तर मासा निसटतो. काही निसटतातही. पण दोरा सतत ताणलेला ठेवला तर निसटण्याचे प्रमाण फारसे वाढत नाही. ढिलाई झाली तरच गळ गळून पडतो. मग हा आक्षेप माशाविषयी आहे की हाताच्या कौशल्याविषयी? शिवाय ज्याला मासा सोडायचाच आहे, त्याचा मासा दहा हात अलीकडे सुटला तर त्याने नेमके काय गमावले? एक छायाचित्र.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नदीत सुरुंग लावून मासे मारले जातात, धरणांनी प्रवाह अडले आहेत, वाळू उपसली जाते. त्यापुढे या काट्याची काय कथा? हे खरेच आहे. कावेरीतील कुबड्या महसीरची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. लोणावळ्याजवळच्या केंद्रात वाढवलेल्या दुसऱ्या जातीच्या महसीरचे बीज सद्हेतूने कावेरीत सोडले गेले. ती जात तेथे फोफावली आणि मूळचा कुबड्या महसीर मागे पडला. हे उघडकीस आले ते गलिबोरेच्या शिबिरात छंदिष्टांनी 1998 ते 2012 या काळात ठेवलेल्या नोंदींवरून. कावेरीच्या खोऱ्याबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या न आढळणाऱ्या या माशाची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणजे गळ टाकणाऱ्यांनीच नदीचा एक मोठा तोटा जगापुढे आणला. त्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या जातीचे थोडेच मासे उरले, तिचा एकेक अंडी देणारा मासा मोलाचा असतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? सुरुंग थांबवणे एकट्यादुकट्याच्या हातात नाही. स्वतःचा गळ मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत देवीच्या श्रद्धेने महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. तेथे कोणी गळ टाकत नाही. सर्व नद्यांवर असे होणार नाही, आणि छंद बंद करा असे सांगूनही तो बंद पडणार नाही. राहतो तो काटा. त्यासाठी नवा गळ विकत घ्यावा लागत नाही. साधी पक्कड घेऊन उलटा काटा तारेला चेपून टाकला की अर्ध्या मिनिटात काम होते. तोच गळ चुकून स्वतःच्या बोटात शिरला, तर काटा चेपलेला असल्यास तो सहज ओढून काढता येतो. नसल्यास डॉक्टरांना तो पुढे ढकलून, कातडीतून बाहेर आणून, काटा कापावा लागतो. हा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला माशाची बाजू समजावून सांगण्याची सहसा गरज पडत नाही.