पिरॅमिड मॅस्लोने काढलाच नव्हता

प्रति,
माननीय अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली



व्यवस्थापनाच्या वर्गात कधी ना कधी फळ्यावर एक पिरॅमिड येतोच. तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान आणि टोकावर स्वतःतल्या क्षमतांची पूर्ती. खाली नाव अब्राहम मॅस्लोचे. मॅस्लोचा मूळ निबंध 1943 सालचा. त्यात गरजांची चढती श्रेणी आहे, पिरॅमिड मात्र कुठेच नाही. 1960 साली चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागार मानसशास्त्रज्ञाने व्यवस्थापकांसाठीच्या नियतकालिकात तो मांडला, असा माग संशोधकांनी 2019 साली काढला. ही श्रेणी वाटते तितकी ताठर नाही, असे मॅस्लोने त्या निबंधातच लिहून ठेवले होते. पिरॅमिडात ते मावले नाही.

असले पिरॅमिड तपासायला शिकणारी मुले आता व्यवस्थापनाच्याच आवारात बसू लागली आहेत. पुण्याजवळ लवळ्याला असलेले फ्लेम 2015 साली राज्य खासगी विद्यापीठ झाले. त्याच्या नावाच्या इंग्रजी विस्तारात लिबरल आणि मॅनेजमेंट शेजारी शेजारी आहेत आणि पदवीला मानसशास्त्र हा मुख्य विषय घेता येतो. 2000 साली सुरू झालेल्या सिंगापूर मॅनेजमेंट युनिव्हर्सिटीतही सामाजिक शास्त्रांच्या विभागात मानसशास्त्र शिकवतात. आपल्याकडे अशा ठिकाणी प्रवेश घेताना घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "एचआरमध्ये लागेल ना?" प्रश्न रास्त आहे, फी भरणाऱ्याने तो विचारायचाच. पण अभ्यासक्रमही त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून आखला जाऊ लागला, तर आयोगाने लक्ष घालायला हवे.

मानसशास्त्र आणि व्यवस्थापन यांचे नाते आपल्या देशात जुने आहे, आणि त्यात मानसशास्त्र धाकटे कधीच नव्हते. आयआयएम अहमदाबादच्या पहिल्या अध्यापक कमला चौधरी या सामाजिक मानसशास्त्रज्ञ. मिशिगनहून डॉक्टरेट करून आलेल्या या बाई त्याआधी विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'अटिरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत गिरणी कामगारांचा अभ्यास करत होत्या. त्याच शहरात, कॅलिको मिलमध्ये, 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी मागांवरच्या कामाची फेररचना केली. तोवर एकेका कामगाराकडे कामाचा एकेक तुकडा होता. राइस यांनी छोटे गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपवले. उत्पादन वाढले, कापडातले दोष घटले. चौधरी यांचे भाचे सुधीर कक्कर हे आधी इंजिनिअर, मग अर्थशास्त्राचे विद्यार्थी. 1918च्या गिरणी संपाचा आणि गांधीजींचा अभ्यास करायला अहमदाबादेत आलेले एरिक एरिक्सन त्यांना भेटले आणि कक्कर मनोविश्लेषणाकडे वळले.   माणूस व्यवस्थापनाकडून मनाकडेही जातो, हे प्लेसमेंटच्या माहितीपत्रकात कोणी छापत नाही.

आता एकाच इमारतीतले दोन वर्ग पाहा. एकात हॉथॉर्नची गोष्ट चालू आहे: शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, 1924 पासूनचे प्रयोग, दिवे वाढवले तरी काम वाढले, कमी केले तरी वाढले, म्हणजे कामगाराला आपल्याकडे लक्ष दिलेले आवडते. तास संपला. दुसऱ्या वर्गात विचारायला हवे की दिव्यांच्या त्या प्रयोगाची मूळ आकडेवारी कुठे आहे? ती हरवली असे मानले जात होते. स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी ती मिळवून तपासली, तेव्हा वर्षानुवर्षे शिकवलेला ठसठशीत परिणाम तिच्यात आढळला नाही. त्यांचा निबंध 2011चा. हा दुसरा वर्ग भरवायला संख्याशास्त्र पक्के असलेला शिक्षक लागतो. पहिल्याला स्लाइड पुरतात.

प्रयोगशाळेचेही तसेच. आपल्या जुन्या महाविद्यालयांत आरशातल्या ताऱ्याचे प्रात्यक्षिक असते. टेबलावर उभा आरसा, पुढे दुहेरी रेषांचा छापील तारा, हात दिसू नये म्हणून मधे आडोसा. प्रयुक्ताने, म्हणजे प्रयोगाला बसलेल्याने, फक्त आरशात बघून दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. कोपरा आला की पेन्सिल हमखास भलतीकडे पळते. समोरचा विद्यार्थी स्टॉपवॉच धरून सेकंद आणि चुका टिपतो. आधी डावा हात, मग उजव्याचा सराव, मग पुन्हा डावा. एका हाताचा सराव दुसऱ्याच्या कामी येतो का, हे जर्नलात आकड्यांनिशी लिहायचे. आणि तेवढ्यावर समाधान मानायचे नाही: डावा हात सुधारला तो उजव्याच्या सरावाने, की आधीच एकदा करून पाहिल्याने? सरावाविना बसवलेला दुसरा गट लागतो, हे तिथे कळते. हॉटेलच्या सभागृहात दिलेले प्रशिक्षण कर्मचाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचते का, यावर कंपन्या पैसा ओततात. ते तपासण्याची रीत या साध्या आरशापाशी शिकता येते. नव्या चकचकीत संकुलात अशी खोली क्वचितच दिसते.

पदवीपुरत्या मानसशास्त्रानेही काय साधते, याचा दाखला डॅनिएल कानेमन. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून 1954 साली मानसशास्त्राची पदवी घेऊन ते सैन्यात गेले. तिथे नव्या जवानांच्या मुलाखती घेणारे आपले एकंदर मत देत, आणि ते पुढे फारसे खरे ठरत नसे. एकविशीतल्या कानेमननी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी घडलेल्या गोष्टींबद्दल नेमके प्रश्न ठेवले आणि एकेका गुणाला वेगळे अंक द्यायला लावले. मुलाखतकार चिडले, निवड मात्र सुधारली. पुढे 2002 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एचआरला हवा असेल, तर असा पदवीधर हवा.

दुसरी बाजू दवाखान्याची आहे, आणि तिथे आयोगाची जबाबदारी थेट आहे. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचे हे ठरवून दिले आहे, साधी बी.ए. त्यात बसत नाही. वर त्यासाठी लागणारी एम.फिल.ही आपण बंद केली, मग क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी तिची मुदत 2025-26पर्यंत वाढवली. या खाचाखोचा बारावी झालेल्या मुलीने कुठून समजून घ्यायच्या? तिला समुपदेशक व्हायचे असते आणि हाती येतो ग्राहकवर्तनाचा पेपर.

तेव्हा मागण्या अशा. मानसशास्त्राची पदवी देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशअर्जाच्या पहिल्याच पानावर, विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत, या पदवीने कोणते काम करता येते आणि कोणते नाही हे छापावे. प्रयोगशाळा आणि संख्याशास्त्राचे तास यांना पर्यायी विषयाची वाट ठेवू नये. चौथ्या वर्षाचे संशोधन आपल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांनाच मिळते. व्यवस्थापनाच्या आवारात मानसशास्त्र शिकवणाऱ्या विद्यापीठांत त्यातले काही प्रबंध व्यवस्थापन विभागासोबत, शेजारच्या कारखान्यात किंवा बँकेत व्हावेत, आणि निष्कर्ष त्या कंपनीला आवडला नाही तरी जसाच्या तसा छापण्याची मुभा करारातच लिहिलेली असावी.