कॅज्युअल्टीतला राग

डॉक्टरवर नातेवाइकांनी हात उगारला, की कडक कायद्याची मागणी होते. कायदा राज्यात २०१० पासून आहेच. माणूसच तापट, हे स्पष्टीकरणही अपुरे. १९९३ मध्ये एका डच कुटुंबात आक्रमक वागण्याशी जोडलेला जनुकीय दोष सापडला खरा, पण तो अत्यंत दुर्मीळ. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला हा भाग तत्काळ जागा होतो; आवर घालण्याचे काम कपाळामागच्या भागाचे. दारू, जागरण, धास्ती यांनी हा आवर सैल पडतो. रात्रपाळीत मी अनेकदा पाहिले आहे: कोणी अधूनमधून बाहेर येऊन रुग्णाची स्थिती सांगितली, तर आवाज सहसा चढत नाहीत. मात्र ड्युटीवर एकच निवासी डॉक्टर असेल, तर तो खाट सोडून बाहेर येणार कसा? आधी ती रिक्त पदे भरा.