सहा दिवस आणि सहा वर्षे

दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांच्या नौसैनिकांनी आपल्या नोकरीचे सचित्र नकाशे हाताने काढून ठेवले. किनाऱ्याची ढोबळ रेषा, बंदरामागून बंदर गाठत गेलेली शाईची वाट, बंदराशेजारी तारीख; मध्येच एखादे माडाचे झाड, उडता मासा, किंवा ज्वाळांत सापडलेले जहाज. संग्रहालये असे नकाशे युद्धाच्या दालनात लावतात. आमच्या मते त्यांची खरी जागा आत्मचरित्राच्या चर्चेत आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी हे मनावर घ्यावे याला एक खास कारण आहे.

युद्धकाळात नौसैनिकाचे पत्र सेन्सॉरच्या हातातून जाई. जहाज कोठे आहे, कोठे निघाले आहे, हे त्यात लिहिता येत नसे. घरी पोचे तो बहुधा खुशालीचा मजकूर. नकाशा नेमका हा वगळलेला भाग परत आणतो: गावांची नावे, तारखा, वाटा. पण तो केवळ माहिती देत नाही. आठवडाभराचा निर्मनुष्य समुद्र त्यात दोन बोटांत संपतो आणि एका दुपारची चकमक वीतभर जागा अडवते. भूगोलाच्या शिक्षकाला हे प्रमाण चुकीचे वाटेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र येथे थांबावे. काय घ्यायचे, काय गाळायचे, कशाला किती अवकाश द्यायचा, हे प्रश्न आपण निवेदनाच्या संदर्भात वर्गात रोज शिकवतो. येथे तेच शब्दांशिवाय घडलेले असते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. १९३४ साली रॉयल इंडियन मरीनचे रूपांतर रॉयल इंडियन नेव्हीत झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान खलाशी हा या दलाचा जुना आधार. युद्धाच्या आरंभी दोन हजारांच्या आसपास असलेले हे दल १९४५ पर्यंत पंचवीस हजारांच्या पुढे गेले. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगाल’ ही समुद्रातील सुरुंग काढणारी छोटी नौका ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला होती. समोर आली दोन मोठी सशस्त्र जपानी जहाजे. बेंगालवर एकच लहान तोफ होती. त्या लढाईत ‘होकोकू मारू’ स्फोट होऊन बुडाले, दुसरे जपानी जहाज निघून गेले आणि बेंगाल बंदरात पोचली. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवरील चढाईत ‘सतलज’ आणि ‘जमना’ या नौका होत्या. १९४५ च्या आरंभी आराकानच्या खाड्यांत या दलाने लष्कराला साथ दिली.

या साऱ्यातले आपल्या स्मरणात काय आहे? फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक केंद्रात १८ तारखेला निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा यांविरुद्ध नौसैनिकांनी संप पुकारला. २३ तारखेला तो संपला. या सहा दिवसांचा गौरव योग्यच आहे. तथापि सहा दिवसांत माणूस समजत नाही. सिसिली, कोलंबो, आराकान अशी फिरत आलेली रेषा मुंबई बंदरात येऊन थांबते, हे कागदावर पाहिले म्हणजे त्या ताटातल्या अन्नाला निराळा अर्थ येतो. संपात सामील झालेले अनेक तरुण युद्धाच्या अखेरीस भरती झालेले होते, त्यांच्या रेषा आखूडच असणार. दोन पिढ्यांच्या रेषा शेजारी ठेवल्या तर त्या संपातील अनुभव आणि अधीरता यांचे नाते तपासता येईल.

असे नकाशे पुष्कळदा नंतर, आठवणीतून काढलेले असतात. त्यांत फुगवटा असणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे, आणि तोच आक्षेप प्रत्येक आत्मचरित्रावर घेता येतो. आपण आत्मचरित्र त्यामुळे टाकून देत नाही, इतर कागदपत्रांशी पडताळून वाचतो. नकाशालाही तोच न्याय लावावा.

राणीसावरगावसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी राहून आम्ही हे लिहीत आहो, ते उगाच नव्हे. आमच्या गंगाखेड तालुक्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्यापैकी किती जण आत्मचरित्र लिहितील? पण कोणत्या साली कोणता कारखाना, कोठे मूल जन्मले, कोठे बैल मेला, हे त्यांना तोंडपाठ असते. लिहिणाऱ्यालाच जीवनकहाणी असते, असे आपली समीक्षा नकळत मानत आली. नौसैनिकाचा नकाशा त्या गृहीतकाला धक्का देतो.

मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. तेथे नावे आहेत, वाटा नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील जे कोणी आज हयात असतील ते शंभरीच्या घरात आहेत. त्यांच्या पेट्या मात्र घरोघरी असतील. पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याने एक पेटी उघडावी, किंवा एका ऊसतोड कुटुंबाजवळ कोरा कागद घेऊन बसावे. मराठी आत्मचरित्राची व्याख्या त्या कागदावरून पुन्हा तपासता येईल.