अपघात नव्हे, कारण

चित्रात माणूस, झाड, घर असे काहीच ओळखू येत नसले की आपण त्यास ‘अमूर्त’ म्हणतो आणि पुढे निघून जातो. रंग कसेही ओतले, जे उमटायचे ते उमटले, असा आपला समज असतो. मेक्सिकोचे चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांचा एक प्रयोग हा समज तपासावयास लावतो.

१९३६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथे प्रायोगिक कार्यशाळा चालविली. पुढे जगप्रसिद्ध झालेले जॅक्सन पोलॉक तीत सहभागी होते. फळी आडवी ठेवून सिकेरोस तीवर एकावर एक रंग ओतीत. थोड्याच वेळात खालचा रंग वरच्या थरातून वर येई आणि ठिपके, वलये, जाळी उमटे. यास ते चित्रातील ‘अपघात’ म्हणत.

२०१५ मध्ये मेक्सिकोतील भौतिकशास्त्रज्ञांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. काळ्यावर पांढरा ओतला तर नक्षी उमटते; पांढऱ्यावर काळा ओतला तर पृष्ठभाग शांत राहतो. कारण साधे आहे: पांढरा रंग अधिक घन असतो. जड थर हलक्या थरावर आला की तो खाली उतरू पाहतो, हलका वर येतो. अपघात म्हटला त्यालाही नियम होता.

आपल्या परंपरेत कार्याचा विचार उपादान आणि निमित्त अशा दोन अंगांनी होतो. येथे रंगाचा स्वतःचा घनपणा हे उपादान, ओतणारा हात निमित्त.

दुकानातील थकलेल्या उधारीचा भार घेऊन आपण रात्री घरी येतो. मुलाच्या एका साध्या प्रश्नावर कठोर शब्द बाहेर पडतो आणि आपण म्हणतो, ‘सहज तोंडातून निघून गेले.’ मुलाचा प्रश्न केवळ निमित्त. जड थर आपणच बरोबर आणलेला असतो. हलक्या, निष्पाप मनावर तो पडला की त्या मनात जे डाग उमटतात, त्यांना अपघात कसे म्हणावे?

प्रतिक्रमणात दोष आठवताना त्यामागचा कषायही पाहावा. कारण ओळखून म्हटलेले ‘मिच्छामि दुक्कडम्’ उद्याच्या शब्दालाही आवर घालते. आणि क्षमा मागावयाची ती संवत्सरीची वाट न पाहता, त्याच रात्री, मूल झोपण्यापूर्वी मागावी.