माथेरानचा घोडा पावसात कुठे उभा असतो?

माथेरानला येणारा पर्यटक घोडा पाहतो तो तासाभरासाठी, तेही बहुधा हिवाळ्यात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत. पॉइंट पाहायचे तर पायी, नाहीतर खोगिरावर. त्या तासात घोड्याला चाबूक बसला का, बसणारा फार जड होता का, एवढ्यावरच आपली भूतदया थांबते. घोड्याचे बरेवाईट मात्र ठरते ते उरलेल्या वेळात. म्हणून घोड्याचा परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना पहिला प्रश्न त्याच्या उभे राहण्याच्या जागेचा विचारला पाहिजे. ती बारा महिने कोरडी राहते का, तिथे सावली आहे का, चारा-पाणी त्याच्या तोंडाशी आहे का?

उघड्यावर राहणे घोड्याला मुळात घातक नाही. दख्खनच्या पठारावर धनगरांच्या वाड्याबरोबर फिरणारी भीमथडी घोडी माळावरच जगत आली आहेत. साधारण ५ ते २५ अंश सेल्सियसमध्ये घोडा सुखात असतो आणि पोटात भरपूर कोरडा चारा असेल तर त्याखालची थंडीही सोसतो, कारण आतड्यात तो चारा आंबताना अंगात ऊब तयार होते. त्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहते, म्हणून मोकळा घोडा दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरतो. दोन वेळची चंदी घालून मधले तास त्याला उपाशी ठेवले, तर व्रण आणि पोटशूळ मागे लागतात. कोंदट तबेल्यात मुताच्या उग्र वाफेने त्याची छाती बिघडते. तेव्हा चार भिंती बांधल्या की काम झाले, असे नाही. माळावरच्या घोड्यात आणि नाक्यावरच्या घोड्यात फरक आहे तो दोरीचा. मोकळा घोडा चिखल सोडून उंचवट्यावर जातो, वाऱ्याकडे पाठ करतो, उन्हात झाड शोधतो. आणि कोकणात उतरणारे धनगरही पावसाळ्यापूर्वी घाट चढून कमी पावसाच्या मुलखात परततात. बांधलेल्या घोड्याला यातले काहीच करता येत नाही. ती निवड आपण काढून घेतली, तेव्हा कोरडी जागा देणे हे उपकाराचे काम राहत नाही, ते आपल्यावरचे देणे होते.

सह्याद्रीच्या या कड्यावरचा पाऊस साधा नाही. आठवडेच्या आठवडे ओल्या जागी उभे राहिले की खूर मऊ पडतो, नालेचे खिळे सैल होतात, तळव्याच्या मऊ भागात सडका वास सुटतो. सतत भिजलेल्या पाठीवर जंतुसंसर्गाने खपल्या धरतात आणि त्यावरच पुढे खोगीर चढते. पाऊस ओसरला की गोमाश्या वाढतात. त्यांच्या चाव्यातून सर्रा हा आजार पसरतो. ताप येतो-जातो, घोडा रोडावत जातो आणि रक्त तपासल्याशिवाय खात्री होत नाही. उन्हाळ्यात घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. पूर्ण वाढीच्या घोड्याला एरवीही दिवसाला २५ लिटरच्या वर पाणी लागते, टट्टूला त्याहून कमी. राबणाऱ्या जनावराची गरज मात्र खूप वाढते. ‘ही जात काटक आहे, तिला सवय असते,’ असे म्हटले जाते. पण घोडा हा शिकार होणारा प्राणी. दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. तो मुकाट उभा आहे याचा अर्थ तो बरा आहे, असा होत नाही.

कायदा नाही, असेही नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा मालकाचा गुन्हा ठरवला आहे. १९६५च्या नियमांत ओझ्याची आणि कामाच्या तासांची मर्यादा आहे. पण ‘पुरेसा निवारा’ म्हणजे काय, हे घाटमाथ्यावरच्या पावसाच्या हिशेबाने कुणीतरी ठरवायला हवे आणि ती जागा परवान्याची आहे.

घोडेवाल्याला हे परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते, कडबा महाग असतो आणि घोड्याचे पोट मात्र तेवढेच असते. म्हणूनच हा भार एकट्या त्याच्यावर टाकू नये. माथेरानला येणाऱ्यांकडून प्रवेशकर घेतला जातोच. त्यातला ठरावीक वाटा सामायिक निवाऱ्यांसाठी, चाऱ्याच्या साठ्यासाठी आणि नालबंदासाठी राखावा. २००३पासून हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे, बांधकाम कसे करणार, असे कुणी विचारेल. सध्याच्याच तबेल्यांच्या जागी खांबांवर छप्पर, उंच केलेली मुरमाची जमीन आणि पाण्याला उतार, एवढ्यासाठी झाड तोडावे लागत नाही.

घोडेच बंद करा, असे म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तो योग्यच होता. पण रिक्षा कोपऱ्यात उभी करून ठेवता येते, घोडा पंचवीस वर्षे जगतो. कमाई थांबलेल्या घोड्याचा पहिला कापला जातो तो चारा. उद्या ई-रिक्षा वाढल्या आणि घोड्यांचे काम घटले, तर निवाऱ्याची आणि चाऱ्याची ही तरतूद अधिकच लागेल. तपासणी मात्र हंगामाच्या तोंडावर, खरारा करून चकचकीत उभ्या केलेल्या घोड्यांची नको. पशुवैद्यकाने ती जुलैच्या मध्यावर, भर पावसात, घोडा जिथे रात्र काढतो तिथे जाऊन, त्याचा पाय उचलून खूर पाहून करावी.