गावचा मामला

आपल्यातल्याच काही शिकलेल्या पोरांनी नवा मंत्र धरलाय : कुठल्या देशाची जमीन कुणीही बळकावो, बाहेरच्यानं मध्ये पडू नये, पडणं म्हणजे साम्राज्यवाद. बैठकीत यावर टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. वस्तीवर बहिष्कार पडला की पाटील फौजदाराला हेच सांगतो. साहेब, गावचा मामला हाय, तुमी कशाला मधी पडताय.

पूर्व तिमोर घ्या. गोव्यासारखीच पोर्तुगीजांची वसाहत. 28 नोव्हेंबर 1975 ला स्वातंत्र्य जाहीर झालं, 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. नऊ दिवसांचा देश! आदल्याच दिवशी अमेरिकेचा अध्यक्ष फोर्ड आणि त्याचा मंत्री किसिंजर जकार्तात सुहार्तोसमोर बसले होते. त्यानं बेत सांगितला, यांनी मान डोलावली. ते कागद 2001 साली उघडे पडले. सैन्याच्या हातातली हत्यारं पण अमेरिकेचीच. मग बाहेरचा कोण मध्ये पडला नव्हता? पडलाच होता. मारणाऱ्याच्या बाजूनं.

22 डिसेंबरला सुरक्षा परिषदेनं एकमतानं ठराव केला : सैन्य मागं घ्या. असले ठराव आपल्या ओळखीचे आहेत. बोल्यांचा ठराव 1923 चा. चवदार तळं कागदावर खुलं झालं, ओंजळीत पाणी यायला 1927 उजाडलं. तिमोरची ओंजळ चोवीस वर्षं कोरडी राहिली. गोळीनं, भुकेनं, रोगानं सुमारे 1 लाख 2 हजार 800 माणसं गेली, आणि हा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा कमीत कमी धरलेला हिशेब. आमसभेत आपल्या भारताचं मत कुठं पडलं? इंडोनेशियाच्या पारड्यात. अलिप्त म्हणे!

आणि कुवेत? 2 ऑगस्ट 1990 ला सद्दाम घुसला, सात महिन्यांत कुवेत मोकळा. तेलाच्या विहिरी होत्या ना. तेल तिमोरच्या समुद्रातही होतं, पण ते ऑस्ट्रेलियानं 1989 मध्ये इंडोनेशियाशी करार करून परस्पर वाटून घेतलं. घरमालकाला विचारलंसुद्धा नाही.

2003 चा इराक माझ्या तोंडावर फेकू नका. तिथं बळकावणाराच बाहेरून आला होता. मी बोलतोय ते ज्याची जमीन जातेय त्याच्या हाकेबद्दल. ती आली की धावलंच पाहिजे. फौजेचं नंतर बघू, आधी मारेकऱ्याला तुम्हीच दिलेलं हत्यार काढून घ्या.

एवढ्यानं काय होतं, विचारता? 30 ऑगस्ट 1999 ला तिमोरच्या जनतेनं मतदान केलं, शंभरातल्या अठ्ठ्याहत्तरांनी इंडोनेशिया नाकारला. लगेच जाळपोळ, कत्तली. 9 सप्टेंबरला क्लिंटननं इंडोनेशियाशी लष्करी संबंध तोडले. 12 तारखेला राष्ट्राध्यक्ष हबिबी म्हणाला, शांतिसेना येऊ द्या. 20 ला ती उतरली. अमेरिकेनं हात काढून घेतल्यावर तीन दिवस लागले. तोवर राजधानी जळून गेली होती.